वेरूळच्या लेण्यांतला तांबट

वेरूळला जाणारा प्रवासी कैलासापाशी थांबतो, आणि एकदा थांबला की त्याचा दिवस तिथेच सरतो. त्यात त्याचा दोष नाही. अखंड डोंगर वरून खाली कोरीत आणून त्यातून मंदिर मोकळे करणाऱ्यांनी आपल्या वेळेचा एवढा हक्क कमावलेलाच आहे. पण आज आम्ही श्रोत्यांना तिथून थोडे दक्षिणेकडे, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात नेणार आहोत. शास्त्रीय ग्रंथांत ते ‘विश्वकर्मा’ या नावाने येते. गावची मंडळी मात्र त्याला पिढ्यान् पिढ्या ‘सुतार का झोपडा’ म्हणत आली. वास्तविक ते बौद्धांचे चैत्यगृह आहे. आत स्तूप आहे आणि स्तूपाच्या पुढ्यात पाय खाली सोडून बसलेली बुद्धाची भव्य मूर्ती आहे. परंतु मान वर करून छताकडे पाहिले म्हणजे सुतारांनी हे लेणे आपले का मानले ते ध्यानात येते. वरच्या कमानदार छताला ओळीने फासळ्या आहेत, त्या हुबेहूब लाकडी वाशांसारख्या, आणि त्या सगळ्या दगडाच्या आहेत.

दगडाला वाशांची गरज नसते. डोंगराचे छप्पर आपल्याच बळावर उभे असते. कार्ल्याच्या चैत्यगृहात खरे लाकडी वासे बसवलेले आजही दिसतात. त्यानंतर कित्येक शतकांनी वेरूळचा पाथरवट तेच वासे दगडात कोरून काढतो. सामान बदलले, हत्यार बदलले, पण आपल्या आधीच्या कारागिराने घालून दिलेले वळण हाताने सोडले नाही. एकोणिसाव्या शतकात जेम्स बर्जेस याने इथे सुतार लोक दर्शनाला येतात आणि त्या बुद्धालाच आपल्या धंद्याचा देव विश्वकर्मा मानून पुजतात, असे नोंदवून ठेवले आहे. विद्वानांना यात घोटाळा दिसेल. आम्हांस त्यात एक प्रकारचा न्याय दिसतो.

आता आम्हांस ज्याची गोष्ट सांगायची आहे, तो मनुष्य सुतार नव्हता, पाथरवटही नव्हता. तो पुण्याचा तांबट होता. सुमारे सव्वादोनशे वर्षांपूर्वी तो या डोंगरात आला, तेव्हा त्याच्या हातात हातोडा नव्हता. कागद आणि लेखणी होती, आणि आपल्या धंद्याने कधीही न शिकवलेले एक शास्त्र डोक्यात होते. त्याचे नाव गंगाराम चिंतामण नवगिरे तांबट.

गंगारामाची हकिगत म्हणजे एका चित्रकाराचे कौतुक, एवढ्यापुरती ती आम्ही सांगत नाही. तिच्यात एक जुना प्रश्न आहे आणि तो आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीचा असेल. गिरणीतल्या जॉबरला, कचेरीतल्या कारकुनाला, दवाखान्यातल्या कंपाउंडरला, सर्वांना तो कधी ना कधी पडतो. नोकरी एकाची आणि काळ दुसऱ्याचा, असे झाले तर कारागिराने काय करावे? धन्याला नवे यंत्र नको आहे. जुन्यावर त्याचे भागते. कारागिराला मात्र दिसते आहे की हे जुने फार दिवस टिकायचे नाही. त्याने नवे शिकावे कुठे, आणि शिकून ते ठेवावे कुठे?

प्रथम तांबटाचा धंदा पाहू. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईत तिथल्या ठोक्यांचा नाद दिवसभर चाले. हंडे, घंगाळी, तपेली, देवाची उपकरणी अशी सारी कामे तिथे होत. पत्रा तापवायचा, ऐरणीवर बडवायचा, आकार आला की वर एकसारखे ठोके देऊन मठारायचा. मठारलेले भांडे देखणे दिसते, पण ते काम दिसण्यासाठीच नसते. ठोक्यांनी पत्रा कठीण होतो. याच हाताने छिन्नी धरून भांड्यावर मालकाचे नाव घातले जाई. आमच्या घरच्या एका जुन्या हंड्यावर असे नाव आहे, आणि बारीक टिंबांची ती अक्षरे इतकी सरळ रेषेत आहेत की आमच्यासारख्या रोज लिहिणाऱ्याला लाज वाटावी.

तांब्यावर अक्षर कोरण्याची ही विद्या लहानसहान नाही. आपल्या प्राचीन इतिहासाचा मोठा भाग ताम्रपटांवर उभा आहे. कैलास कोणी खोदविला याचे उत्तरही आपल्याला तांब्यानेच दिले. राष्ट्रकूट कर्क सुवर्णवर्ष याचा इसवी सन ८१२-१३ चा बडोदे ताम्रपट एलापूरच्या डोंगरावरील अद्भुत मंदिराचे श्रेय कृष्णराजाला देतो, आणि हे आपल्या हातून झाले तरी कसे असे खुद्द शिल्पकाराला वाटले, अशा आशयाचा मजकूर त्यात आहे. तेव्हा कोरीव अक्षर तांबटाच्या धंद्याला नवे नव्हते. त्या अक्षराला शाई लावून कागदावर उठवायचे, ही गोष्ट नवी होती. ताम्रपटावरचे अक्षर सुलटे असते, कारण ते पत्र्यावरच वाचायचे असते. ठशाचे अक्षर उलटे कोरावे लागते. हजार वर्षांच्या सवयीला आरशात पाहायला लावायचे, एवढाच काय तो फरक. परंतु त्या फरकात एक युग मावलेले होते.

गंगारामाला हा नवा रस्ता दाखविला तो सर चार्ल्स मॅलेट या इंग्रजाने. आपल्या बखरी त्याला ‘मालिट’ म्हणतात. १७८६ पासून १७९७ पर्यंत तो पेशव्यांच्या दरबारी कंपनीचा वकील होता आणि मुळा-मुठेच्या संगमावर राहत असे. त्याला चित्रांचा आणि प्राचीन वास्तूंचा नाद होता. हा नाद निव्वळ हौसेचा होता असे आम्ही म्हणणार नाही. ज्या देशात राज्य करायचे मनात आहे, त्या देशाची माणसे, गड, देवळे, जनावरे यांची नोंद ठेवण्यात कंपनीचा स्वार्थ होताच. पण त्या स्वार्थाच्या पोटी एका देशी कारागिराला काम मिळाले, हेही खरे. १७९० मध्ये पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे चित्र गंगारामाने काढले. म्हणजे मोठा विलायती चितारी पुण्यात येण्याच्या आधीच हा तांबट कागदावर स्थिरावला होता.

तो विलायती चितारी म्हणजे जेम्स वेल्स. स्कॉटलंडचा हा मनुष्य १७९१ मध्ये मुंबईस उतरला आणि १७९२ मध्ये पुण्यास आला. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची आज आपल्या परिचयाची झालेली चित्रे त्याच्या हातची. मॅलेट आणि वेल्स यांच्या सांगण्यावरून पेशव्याने शनिवारवाड्यात चित्रकलेची एक शाळा सुरू केली. वाड्यात चित्रशाळा! तीत देशी कारागीर विलायती पद्धतीने रेखाटन शिकत, आणि गंगाराम हा त्या वर्तुळातला सर्वांत ठळक माणूस.

त्याला शिकायचे होते ते काय, हे थोडे फोडून सांगितले पाहिजे. आपल्या जुन्या चित्रांत राजा मोठा असतो, सेवक लहान असतो. कोण किती दूर आहे यावरून नव्हे, कोण किती मोठा आहे यावरून आकार ठरतो. त्यात न्यून नाही, ती एक निराळी भाषा आहे. विलायती यथार्थदर्शनाचा नियम वेगळा आहे. पाहणारा एका जागी उभा आहे असे धरायचे, दूर जाणाऱ्या सगळ्या समांतर रेषा क्षितिजावरच्या एका बिंदूकडे न्यायच्या, आणि उजेड एका बाजूने येतो हे विसरायचे नाही. शिवाय लेण्याचे चित्र काढायचे तर खांब मोजावे लागतात, खांबांमधले अंतर मोजावे लागते, जमिनीचा आराखडा करावा लागतो. ज्या हाताला घागरीचा गोल डोळ्यांनीच जोखण्याची सवय, त्या हाताने मोजपट्टीची शिस्त पत्करली. आम्हांस यात मोठी गोष्ट वाटते ती हीच. चित्र काढणे पुष्कळांना येते. पण चाळिशीकडे झुकणाऱ्या धंद्याने पुन्हा मुळाक्षरे गिरवायला बसणे सोपे नसते.

वेरूळचे काम गंगारामाकडे आले ते या तयारीवर. मॅलेटने लेण्यांचे वर्णन लिहून १७९४ च्या अखेरीस गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर यांना धाडले. ते कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’ या ग्रंथमालेच्या सहाव्या खंडात १७९९ मध्ये छापून आले. त्याबरोबरची चित्रे गंगारामाची. लेणी किती जुनी, या प्रश्नाला मॅलेटला स्थानिक लोकांकडून दोन उत्तरे मिळाली. मुसलमानांनी सांगितले, ईल राजाला नऊशे वर्षे झाली; ब्राह्मणांनी सांगितले, सात हजार आठशे चौऱ्याण्णव वर्षे. या दुसऱ्या आकड्यातली ती शेवटची चार वर्षे आम्हांस फार आवडतात. आज आपण जाणतो की मुसलमानांचे उत्तर सत्याच्या पुष्कळ जवळचे होते. मात्र हे दोन्ही आकडे तोंडी होते, आणि गंगारामाने काढलेले खांब मोजलेले होते.

आता दरबाराकडे वळू. पेशवे दरबाराला नव्या यंत्राचे वावडे होते, असे सरसकट म्हटले जाते. ते खरे नाही. महादजी शिंद्यांनी फ्रेंच लष्करी विद्येच्या द बॉयन याला चाकरीस ठेवून कवायती पलटणी उभ्या केल्या. आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाने त्यांच्यासाठी तोफा ओतल्या. तोफेची गरज रणात पटत होती, म्हणून तोफ आली. चित्र आवडत होते, म्हणून चित्रकार आला. छापखाना मात्र आला नाही. गोमंतकात तो १५५६ पासून होता, फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये तिथे रोमन अक्षरांत छापले गेले होते. पुण्याहून गोवे काही विलायत नव्हे.

कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. पेशव्यांचे दफ्तर पाहावे. लक्षावधी मोडी कागद, आणि प्रत्येक हाताने लिहिलेला. ज्या राज्यात उत्तम अक्षराचे कारकून हवे तेवढे मिळतात, त्या राज्याला एका कागदाच्या हजार प्रती कशाला हव्यात? हुकूम एका मामलेदाराला जायचा असतो, हजार रयतेला नव्हे. पोथी नकलून घेणे हे पुण्यकर्म होते. ती स्वस्तात मिळाली तर पुण्याचे काय? दरबाराने छापण्याला विरोध केला असे म्हणण्यापेक्षा दरबाराला त्याची निकड कधी भासलीच नाही, हे म्हणणे अधिक बरोबर होईल. कारागिराच्या दृष्टीने मात्र दोन्हींचा परिणाम सारखाच. रागावलेल्या धन्याशी निदान भांडता येते, ज्याला गरजच नाही त्याच्याशी काय बोलणार?

आणि जी काही चित्रशाळा होती, तिचे काय झाले? २७ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवराव वारले. पुढल्याच महिन्यात कान्हेरीच्या लेण्यांत काम करताना लागलेल्या तापाने जेम्स वेल्स साष्टीत मरण पावला. एक तरुण पेशवा आणि एक परदेशी चितारी, या दोघांच्या श्वासावर चाललेली शाळा दोघांबरोबर गेली. १७९७ मध्ये मॅलेटही पुण्याहून निघून गेला. शाळेला उत्पन्न लावून दिले नव्हते, तिचे कारखान्यात रूपांतर झाले नव्हते. दरबारात हत्तीखाना होता, उष्ट्रखाना होता, जामदारखाना होता, अठरा कारखाने होते. एकोणिसावा झाला नाही.

याच वर्तुळातली आणखी एक हकिगत आम्ही सांगतो. ती वाट सोडून आहे असे वाटेल, पण नाही. कावसजी नावाचा एक मराठा बैल हाक्या १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेत होता. तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापला गेला. वर्षभराने पुण्याच्या बाजूला एका कुंभाराने त्याला नवे नाक करून दिले. मेणाचा पातळ तुकडा घेऊन नाकाचे माप केले, ते कपाळावर पसरून त्याभोवती रेघ मारली, तेवढी कातडी कापून भुवयांमध्ये एक देठ राखून ती खाली फिरवली आणि नाकाच्या खुंटावर बसवली. वरून पाण्यात मऊ केलेल्या काथाच्या चिंध्या. टाका एकही घातला नाही. क्रुसो आणि फिंडले या दोन इंग्रज शस्त्रवैद्यांनी असे काम पाहिले. वेल्सने कावसजीचे चित्र काढले, चित्राचा ठसा निघाला, आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही सारी कृती छापून आली. ती वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यूने १८१४ मध्ये याच रीतीने नाक केले आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. आज जगभरचे शस्त्रवैद्य कपाळाच्या कातडीने केलेल्या नाकाला ‘हिंदी पद्धत’ म्हणतात.

विद्या कुंभाराची. हात कुंभाराचा. छापणारे मात्र दुसरे. त्या कुंभाराचे नाव कावसजीच्या कहाणीत कुठेच आलेले नाही. पुण्यात त्या वेळी कौशल्याचा दुष्काळ होता असे कोणी म्हणू लागला, तर त्याला ही गोष्ट सांगावी.

छापण्याचा विचार पुण्यात कोणाच्याच मनात आला नाही असेही नाही. तो आला नाना फडणविसांच्या मनात. हकिगत अशी सांगतात, आणि अ. का. प्रियोळकरांनी भारतातील मुद्रणाच्या १९५८ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात तिची दखल घेतली आहे, की मॅलेटच्या कारागिरांच्या मंडळात ठसे कोरण्याची विद्या शिकलेल्या पुण्याच्या एका तांबटाला नानांनी भगवद्गीतेचे ठसे कोरायला सांगितले. गीता छापावी आणि ब्राह्मणांना वाटावी असा बेत. विचार करा, सातशे श्लोक, आणि प्रत्येक अक्षर उलटे! पानापानाचा स्वतंत्र पत्रा. एक कानामात्रा चुकली तर पत्रा वाया. काम चालू असतानाच पुण्याचे दिवस फिरले. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीतली धामधूम, त्यात नानांची कैद, आणि १३ मार्च १८०० रोजी नानांचा मृत्यू. धनी गेला आणि अर्धी कोरलेली गीता कारागिराच्या अंगावर राहिली.

त्याने काय करावे? आळीत परत जाऊन हंडे मठारावेत हा एक मार्ग होता. त्याने दुसरा पत्करला. तो मिरजेला गेला. मिरजेचे जहागीरदार गंगाधरराव पटवर्धन यांनी त्याला आश्रय दिला आणि १८०५ मध्ये तांब्याच्या ठशांवरून गीता छापून निघाली. महाराष्ट्रात देशी माणसाच्या आश्रयाने देशी माणसाने देवनागरीत छापलेले हे पहिले पुस्तक. एका दरबारात अडलेले काम कारागिराने दुसऱ्या दरबारात नेऊन पुरे केले. पुण्यात त्या दरम्यान हडपसरची लढाई झाली होती, पुणे लुटले गेले होते, वसईचा तह झाला होता. त्या तहाची कलमे शाळेत पाठ केलेले पुष्कळ लोक आम्हांस भेटतात, मिरजेची गीता ऐकलेला क्वचित.

परंतु मिरजेची गीता हा शेवट होता, आरंभ नव्हे. याचे एक कारण तंत्रात आहे. पानभर कोरलेल्या पत्र्यातून तेच पान निघते, दुसरे नाही. गीता झाली, आता ज्ञानेश्वरी छापायची तर पुन्हा पहिल्यापासून कोरा. सुटे खिळे असतील तर गीतेचा ‘क’ ज्ञानेश्वरीला चालतो. खिळे ओतण्याला मात्र एक माणूस पुरत नाही. पोलादाचा ठसा कोरणारा, साचा करणारा, धातू ओतणारा, खिळे जुळवणारा अशी माणसांची साखळी लागते, आणि ती साखळी दर महिन्याला पोसणारा कोणी लागतो.

हुगळीकाठी ती साखळी जमली. पंचानन कर्मकार हा बंगाली लोहार, जातीने आणि हाताने आपल्या तांबटाचा भाऊच म्हणा ना. १७७८ मध्ये हॅलहेडच्या बंगाली व्याकरणासाठी चार्ल्स विल्किन्सच्या हाताखाली त्याने बंगाली खिळे केले. पुढे तो श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांकडे गेला. तिथे टाकसाळीसारखा खिळ्यांचा कारखाना निघाला. पंचाननानंतर त्याचा जावई मनोहर याने तेच काम चालविले. विल्यम केरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये, म्हणजे मिरजेची गीता निघाली त्याच साली, श्रीरामपुरास देवनागरी खिळ्यांत छापले गेले. नागपूरकडचे वैजनाथ शास्त्री केरीला मराठीसाठी साह्य करीत. तेव्हा मराठी व्याकरण बंगालात छापले, आणि महाराष्ट्रातला ठसेकोऱ्या एका गीतेवर थांबला! दोघांच्या हातांत फरक नव्हता. एकाच्या मागे जावई होता, दुसऱ्याच्या मागे कोणी उभे राहिल्याचे दिसत नाही.

इथे कोणी म्हणेल की धनी चांगला हवा, एवढेच काय ते. मग तंजावर पाहू, कारण तंजावरचा धागा थेट वेरूळला येतो. वेरूळची पाटिलकी भोसल्यांची. बाबाजी, मालोजी, शहाजी, आणि शहाजींचे पुत्र व्यंकोजी तंजावरला गेले, ही वंशावळ आपल्या पाठ आहे. घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार मालोजींनी केला आणि पुढे तेच काम अहिल्याबाईंनी हाती घेतले, हेही. त्या व्यंकोजींच्या गादीवर दुसरे सरफोजी बसले. इंग्रजी, वैद्यक, चित्रकला, ग्रंथसंग्रह, सगळ्याचा व्यासंग असलेला हा राजा. त्यांनी १८०५ च्या सुमारास वाड्यात छापखाना घातला, ‘नवविद्याकलानिधि’ या नावाने. १८०६ मध्ये तिथे इसापनीतीचे मराठी रूपांतर ‘बालबोध मुक्तावली’ छापले. यापेक्षा उत्साही धनी कोणता मिळणार? तरीही तो छापखाना वाड्याबाहेर पडला नाही. त्याच्या पुस्तकांना राजाच गिऱ्हाईक, राजाच वाचक. १७९९ नंतर राजाच्या हाती किल्ला आणि मानमरातब एवढेच उरले होते. यंत्राला नाही म्हणणारा धनी आणि यंत्र कपाटात ठेवणारा धनी, यांत पहिल्याने कारागिराचे जास्त नुकसान होते असे आम्हांस वाटत नाही.

महाराष्ट्रात छापण्याची विद्या रुजली ती तिसऱ्याच वाटेने. गणपत कृष्णाजी हा भंडारी जातीचा गृहस्थ मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात नोकरीला होता. त्याच्या धन्याला यंत्राचे वावडे नव्हते. यंत्र तर त्यांनीच आणले होते. पण त्या यंत्रावर ख्रिस्ती धर्माची पुस्तके निघत. गणपत कृष्णाजीच्या मनात आपल्या लोकांच्या पोथ्या होत्या, आणि त्या छापणे मिशनच्या कामात बसणारे नव्हते. त्याने नोकरीत हात तयार केला, डोळ्यांनी यंत्राची मापे घेतली आणि घरी स्वतःचा लाकडी शिळाछाप उभा केला. दगड गोळा केले, शाई स्वतः तयार केली. १८३१ मध्ये, शके १७५३ चे, त्याने पंचांग छापले. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ च्या ‘मुंबईचे वर्णन’ या पुस्तकात त्याची ही खटपट प्रेमाने नोंदविली आहे.

या माणसाची अडचण धन्यापेक्षा गिऱ्हाइकाकडून होती. छापलेल्या कागदाला शिवायला भाविक लोक कचरत. छापाच्या शाईत जनावरांची चरबी असते, मग तिने छापलेली पोथी देवापुढे ठेवायची कशी? गणपत कृष्णाजीने वाद घातला नाही. त्याने शाईत चरबीऐवजी तूप घातले. पंचांग निवडण्यातही त्याची नजर दिसते. पोथी एकदा घेतली की तीन पिढ्या पुरते, पंचांग दर पाडव्याला नवे लागते. गीता छापणाऱ्या तांबटाला जे गिऱ्हाईक मिळाले नाही, ते पंचांग छापणाऱ्याला दरसाल दारात आले. पुढे त्याने शिळाछापावरून खिळ्यांकडे मोर्चा वळविला आणि खिळेही स्वतः पाडले. त्याच मिशन छापखान्याच्या वातावरणात लहानपणी खिळे घासायला लागलेले जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये खिळ्यांचा कारखाना आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. निर्णयसागरच्या खिळ्यांत छापलेले संस्कृत ग्रंथ पाहून कित्येकांनी देवनागरी अक्षर असे असावे हे ठरविले.

म्हणजे वेरूळच्या डोंगरात गंगाराम पट्टी घेऊन बसला त्यापासून निर्णयसागरपर्यंत जेमतेम पाऊणशे वर्षे. मधल्या काळात एक अख्खे राज्य बुडाले.

गंगारामाच्या कामाचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. वेल्सने मरणापूर्वी वेरूळची आपली रेखाटने करून ठेवली होती. मॅलेटने १७९९ मध्ये विलायतेत वेल्सच्या मुलीशी, सुसानाशी, लग्न केले, आणि सासऱ्याची ती रेखाटने थॉमस डॅनियल या नामांकित चित्रकाराच्या हाती दिली. १८०३ मध्ये लंडनला वेरूळच्या लेण्यांची चोवीस दृश्ये मोठ्या आकारात प्रसिद्ध झाली. कैलास युरोपच्या डोळ्यांपुढे उभा राहिला तो मुख्यतः या चित्रांतून. त्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर दोन चित्रकारांची नावे आहेत, वेल्स आणि डॅनियल.

गंगारामाची मूळ चित्रे अमेरिकेत न्यू हेवन येथे, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात जपून ठेवली आहेत. त्यांत लेणी आहेत, आणि पेशव्यांचा तो गेंडाही आहे. त्यांच्यावरचे इंग्रजी शेरे वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. इतक्या वर्षांनी, इतक्या हातांतून फिरून, त्याच्या नावापुढचा धंदा कोणी पुसलेला नाही. लेण्यांची चित्रे काढणारा म्हणून त्याची ओळख जगाने ठेवली, तरी नावात तो अजून तांबटच आहे.